डाग जांघेतला, कागद मूत्राशयाचे: दोन्ही एकाच टेबलावर न्या

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वडील ६७ वर्षांचे. तरुणपणी बावीस वर्षं सूत रंगवण्याच्या कारखान्यात होते, विडी दहा वर्षांपूर्वी सुटली. चार वर्षांपूर्वी लघवीतून रक्त गेलं, मूत्राशयात गाठ निघाली, दुर्बिणीतून काढली. त्यानंतर दोनदा परत आली, दोन्ही वेळा काढली. शेवटच्या वेळी बीसीजीचे सहा डोस मूत्राशयात सोडले. यंदा गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास अंडकोषाच्या डाव्या बाजूला खाजरा लाल डाग उठला. मेडिकलमधून नायट्याचं मलम आणलं. लावलं की आठ दिवस बरं, सोडलं की पुन्हा. आता दिवाळी झाली. डाग तळहाताएवढा आहे, आणि लिंगाच्या टोकाला लघवीच्या छिद्राभोवतीही लालसर दिसतं. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. एका डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं, पण घरात सगळे म्हणतात, कात्री लावली की कॅन्सर पसरतो. आणखी एक. ५२व्या वर्षी त्यांच्या नाकाशेजारची पिवळट पुटकुळी काढली होती, रिपोर्टवर 'सेबेशियस ॲडेनोमा' लिहिलंय. तशीच आता कपाळावर आली आहे. आमची आत्या ४६व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरनं गेली. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे का? मी ३८ वर्षांचा आहे, मला काही करावं लागेल का? आई विचारते, त्यांचे कपडे-भांडी वेगळी ठेवायची का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुकडा काढू द्या, आणि फार तर पंधरा दिवसांत.

कात्रीची भीती आधी काढून टाकू. वृषणात, म्हणजे आतल्या गोळीत गाठ असेल तर अंडकोषाच्या कातडीतून सुई घालून तुकडा काढत नाहीत, हे खरं आहे. घरच्यांच्या कानावर बहुधा असंच काही कधीतरी पडलं असावं. पण तो नियम आतल्या गाठीचा. वडिलांचा डाग कातडीवर आहे. कातडीच्या डागाचा ४ मिलिमीटरचा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करून पाच मिनिटांत काम होतं, एखाद-दुसरा टाका पडतो. दहा महिने नुसती मलमं बदलत बसणं त्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

आता मुख्य गोष्ट. मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या जांघेतला लाल डागसुद्धा बहुतेक वेळा साधाच निघतो. पण तुमच्या पत्रात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत: डाग दहा महिन्यांचा आहे, तो अंडकोषावर आहे, लघवीच्या छिद्राभोवतीही लाली आहे, आणि मूत्राशयाची गाठ वारंवार येते. हे चारही एकाच माणसात दिसले की 'पॅजेटचा रोग', म्हणजे कातडीच्या थरात विखरून पसरणारा एक कॅन्सर, नाही ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्तनाग्रावरचा हा रोग जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली मांडला. अंडकोष आणि लिंगावरचं त्याचं रूप १८८९ साली रॅडक्लिफ क्रॉकर यांनी नोंदवलं. रोग दुर्मीळ आहे, त्यामुळे तो वर्षानुवर्षं नायटा किंवा इसब समजून चोळला जातो. असं जगभर होतं, आपल्याकडे मेडिकलमधल्या मिश्र मलमांमुळे जास्त होतं.

त्या मलमांमध्ये बहुधा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते, म्हणून 'आठ दिवस बरं' वाटतं. खरा नायटा असेल तर तो आतून पसरत राहतो आणि त्याची नेहमीची गोल कड पुसून जाते. पॅजेट असेल तर पेशी जागच्या जागी राहतात, फक्त वरची सूज उतरते. म्हणजे दोन्हीकडून फसवणूक. मलम आजच बंद करा. चार-सहा दिवस जळजळ वाढेल, ती सोसता येण्याजोगी असते. पातळ थर साध्या व्हॅसलिनचा लावा, पण तपासणीला जाण्याच्या दिवशी काहीही लावून जाऊ नका. आठ-दहा दिवस मलमाविना गेले की त्वचेवरून खरवडून घेतलेल्या कोंड्यात बुरशी दिसण्याची शक्यता चांगली वाढते.

डाग बघताना त्वचारोगतज्ज्ञ काय शोधतात ते सांगतो, म्हणजे तुम्हीही नीट बघून नोंद करू शकाल. नायटा साधारणपणे मांडीच्या घडीत, दोन्हीकडे, कड उठलेली आणि मधला भाग मोकळा असा असतो. अंडकोष तो सहसा सोडून देतो (स्टिरॉइड चोळलेल्यात मात्र हा नियम मोडतो), आणि बऱ्याचदा घरात आणखी कुणाला तरी असतो. मधुमेह्यांच्या जांघेत एका जंतूमुळे विटकरी-तपकिरी डाग येतो, त्याला एरिथ्राझ्मा म्हणतात. वूड्स लॅम्प या जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो, काम एका मिनिटाचं. पॅजेट मात्र बहुधा एका बाजूला असतो. कड स्पष्ट, पृष्ठभाग ओलसर लाल, त्यावर पांढरट ठिपके किंवा पापुद्रे, खाज आणि आग. सावकाश वाढत राहतो, कुठल्याही मलमानं पूर्ण जात नाही. त्याखाली बोटाला कडक गोळा लागला, डाग फुटून रक्त आलं किंवा जांघेत गाठी लागल्या, तर पंधरा दिवस थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

लिंगाच्या टोकावरच्या लालीसाठी शक्यता थोड्या वेगळ्या आहेत, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्यातल्या दोन अगदी नेमक्या आहेत. पहिली, शुगरच्या गोळ्या. त्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन असेल तर ही औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात; त्या गोड ओलाव्यावर टोकाला बुरशी वाढते. ही बुरशी आठवड्या-दोन आठवड्यांच्या औषधानं जाते. दुसरी, बीसीजी. क्षयाच्या लशीतलेच जिवंत, पण दुबळे केलेले जंतू मूत्राशयात सोडतात. नळी घालताना ते क्वचित टोकाच्या कातडीत शिरतात आणि पिवळट-लाल पुटकुळ्या उठतात. हाही तुकड्यावरच ओळखतात, क्षयाच्या जंतूंचं स्टेन लावून. निदान हे निघालं तर एक सांगून ठेवतो: बीसीजीच्या जंतूवर पायराझिनामाइड चालत नाही. म्हणून क्षयाचा ठरावीक कोर्स आहे तसा सुरू करायचा नसतो, युरोलॉजिस्ट आणि छातीच्या डॉक्टरांनी मिळून औषधं निवडावी लागतात. तिसरी शक्यता आहे बोवेनचा रोग, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातला दुसऱ्या जातीचा कॅन्सर. टोकावर तो मखमली लाल दिसतो.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर पाकिटं एकदा तपासा. पायोग्लिटाझोन हे शुगरचं औषध मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून भारतात जून २०१३ मध्ये थांबवण्यात आलं होतं आणि पुढच्याच महिन्यात इशाऱ्यासह पुन्हा परवानगी मिळाली. मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या माणसाला ते देऊ नये, असा तो इशारा. शुगरचे डॉक्टर आणि मूत्राशयाचे डॉक्टर वेगळे असले की ही गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, बदलून मागा.

आता पॅजेटमध्ये मूत्राशयाचा काय संबंध ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. पॅजेट दोन मार्गांनी होतो. एकात तो कातडीतच, बहुधा घामग्रंथींच्या पेशींपासून सुरू होतो. याला प्राथमिक म्हणतात. दुसऱ्यात आतल्या एखाद्या अवयवाच्या कॅन्सरच्या पेशी अस्तराच्या आतूनच सरकत कातडीपर्यंत येतात. मूत्राशयाच्या आणि मूत्रनलिकेच्या (मूत्राशयापासून छिद्रापर्यंतच्या नळीच्या) अस्तराला युरोथेलियम म्हणतात. तिथल्या सपाट, चादरीसारख्या पसरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी नलिकेच्या भिंतीतून पुढे सरकत छिद्रापाशी कातडीत शिरतात. म्हणून छिद्राभोवतीची लाली आम्हाला अंडकोषावरच्या डागापेक्षा जास्त टोचते. तुमच्या जुन्या रिपोर्टमध्ये 'कार्सिनोमा इन सिटू' (हाच तो सपाट कॅन्सर) किंवा 'हाय ग्रेड' (जास्त आक्रमक पेशी) हे शब्द आहेत का, ते शोधा. असतील तर लाल पेनानं खूण करा.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पॅजेट जवळजवळ सारखेच दिसतात: मोठ्या, फिकट पेशी कातडीच्या थरात विखुरलेल्या. पॅथॉलॉजिस्टला कुणी सांगितलंच नाही की माणसाला मूत्राशयाचा कॅन्सर आहे, तर तो 'एक्स्ट्रामॅमरी पॅजेट' (स्तनाबाहेरचा पॅजेट) इतकं लिहून थांबू शकतो, आणि त्याचं काही चुकलेलंही नसतं. निदान नेमकं इथे अडकतं. तपासणीच्या फॉर्मवरचा 'क्लिनिकल हिस्टरी'चा रकाना बहुतेक वेळा 'त्वचेचा डाग' एवढ्यावर भागवलेला असतो. तो रकाना तुम्ही भरून घ्या. मजकूर असा:

"वय ६७, पुरुष. मूत्राशयाचा युरोथेलियल कॅन्सर, चार वर्षांत तीन वेळा, दुर्बिणीतून काढलेला, नंतर बीसीजीचे ६ डोस. आता अंडकोषावर आणि मूत्रछिद्राभोवती १० महिन्यांचा लाल डाग. स्टिरॉइडचं मलम लावलेलं. पॅजेट आहे का, असल्यास प्राथमिक की युरोथेलियल? जुने ब्लॉक उपलब्ध."

डॉक्टरांना हा कागद दाखवा, ते आपल्या शब्दांत लिहितील. कुणी रागावत नाही, उलट बरं वाटतं.

तुकडा कुठून घ्यायचा, हाही प्रश्न महत्त्वाचा. खाजवून सोललेल्या, पू आलेल्या जागेतून घेतला तर रिपोर्टवर 'सूज' येते आणि सगळे निश्चिंत होतात. लाल भागाच्या कडेचा, पण कड धरून आतला, न सोललेला भाग निवडावा. दोन जागांवरून दोन तुकडे घ्यावेत, एक अंडकोषावरून आणि एक छिद्राजवळून. कुठे जाड किंवा गाठाळ वाटत असेल तर तिसरा तिथला. पॅजेटच्या पेशी सलग नसतात, मध्ये मोकळी जागा सोडत पसरतात, म्हणून एक तुकडा साफ आला तरी डाग साफ आहे असं ठरत नाही. ब्लेडनं वरवर खरवडून काढलेला पापुद्रा पुरत नाही. ४ मिलिमीटरच्या पंचनं (गोल पात्याच्या हत्यारानं) खालच्या थरापर्यंत जावं लागतं, कारण पेशी वरच्या थरातच आहेत की खाली उतरल्या आहेत, यावर पुढचे उपचार ठरतात. वडिलांना ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा. एवढ्या छोट्या तुकड्यासाठी ती बहुधा थांबवावी लागत नाही.

टोकाचा तुकडा आणि मूत्रनलिकेची तपासणी यासाठी मात्र युरोलॉजिस्ट हवा. वडिलांची पुढची दुर्बीण-तपासणी जवळ आलीच असेल तर त्याच भूल देण्यात सगळं उरकून घ्या: मूत्राशय बघणं, मूत्रनलिकेच्या अस्तराचे तुकडे, टोकाचा तुकडा. दोनदा भूल, दोनदा उपास टळतो. त्वचारोगतज्ज्ञांचा रिपोर्ट युरोलॉजिस्टकडे आणि युरोलॉजिस्टचा त्वचारोगतज्ज्ञांकडे नेण्याचं काम मात्र घरातल्या एकाच माणसानं धरावं.

तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत, १० टक्के फॉर्मालिनमध्ये, आणि ते तुकड्याच्या किमान दहापट असायला हवं. बाटली रुंद तोंडाची. नाव-जागेची चिठ्ठी झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर. झाकणं अदलाबदल होतात. स्पिरिट किंवा सलाइनमध्ये घातला तर पुढच्या खास तपासण्या बिघडतात, आणि हे खरोखर घडतं, कारण छोट्या दवाखान्यात ऐनवेळी फॉर्मालिन संपलेलं असतं. आदल्या दिवशी फोन करून विचारा. बाटली त्याच किंवा दुसऱ्या दिवशी लॅबला द्या. आठवडे-आठवडे फॉर्मालिनमध्ये पडलेल्या तुकड्यावर रंग नीट बसत नाहीत.

या खास तपासणीचं नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बोलीत 'आयएचसी'. पेशीतली ठरावीक प्रथिनं (यांना मार्कर म्हणतात) रंगवून पेशी कुठल्या घरच्या आहेत ते ओळखतात. कातडीतल्या प्राथमिक पॅजेटमध्ये सीके ७ येतं, सीके २० सहसा येत नाही, जीसीडीएफपी १५ बऱ्याचदा येतं. मूत्राशयाकडून आलेल्या पेशींत सीके ७ येतंच, शिवाय सीके २० बऱ्याचदा, आणि युरोप्लाकिन व पी ६३ ही त्यांची खूण. मोठ्या आतड्याकडून आलेल्यांत सीके २० आणि सीडीएक्स २. यातला एक सापळा सांगून ठेवतो: गाटा ३ हे मूत्राशयाचं मार्कर म्हणून प्रसिद्ध आहे, पण प्राथमिक पॅजेटमध्येही ते येतं. फक्त गाटा ३ वरून 'मूत्राशयाचंच' असा निष्कर्ष काढलेला रिपोर्ट हातात पडला तर बाकीचे मार्कर का लावले नाहीत, ते विचारा. तसंच युरोप्लाकिन आलं नाही म्हणून मूत्राशय सुटला असंही नाही. ते प्रत्येक गाठीत येत नाही. पूर्ण संच लागतो, आणि मेलॅनोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर, वगळायला एसओएक्स १० किंवा मेलॅन-ए लागतं.

मूत्राशयाच्या जुन्या गाठीचे ब्लॉक मागवून तेच मार्कर त्यांच्यावर लावून शेजारी ठेवले तर उत्तर सर्वांत भक्कम मिळतं. जुनी गाठ सीके २० पॉझिटिव्ह आणि कातडीही पॉझिटिव्ह, किंवा दोन्ही निगेटिव्ह, अशी जोडी जुळते की नाही, ते दिसतं. ब्लॉक म्हणजे मेणाचे छोटे चौकोनी ठोकळे, लॅबमध्ये सांभाळून ठेवलेले असतात. ते मागण्याचा तुमचा हक्क आहे. लेखी अर्ज द्या, रिपोर्टची झेरॉक्स लावा, ब्लॉकचे नंबर टिपून घ्या, आणि घेताना सही करा. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. सोलापूरच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवायचे नाहीत. खिशात नको, खोक्यात घालून सावलीत न्या. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही.

रिपोर्ट आल्यावर वाटा वेगळ्या होतात. प्राथमिक पॅजेट, वरच्या थरापुरता असेल तर ऑपरेशननं, कडा तपासत काढतात. काहींना इमिक्विमॉड ५ टक्के मलम चालतं. परत येण्याची सवय याला आहे, म्हणून वर्षानुवर्षं पाहणी लागते, आणि आतडं व मूत्रमार्ग तरीही बघतात. युरोथेलियल निघाला तर कातडी हे फक्त टोक आहे. मूत्राशय, पूर्ण मूत्रनलिका आणि वर मूत्रवाहिनी (किडनीकडून मूत्राशयाकडे येणारी नळी) व किडनीतला भाग यांचा हिशेब घ्यावा लागतो. यासाठी सीटी युरोग्राफी, म्हणजे शिरेतून रंग टोचून मूत्रमार्गाचं स्कॅन करतात. रंग टोचण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असल्यास सांगा. सोबत लघवीची सायटोलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशींची तपासणी: उठल्यावरची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर मूत्राशयात राहिल्यानं पेशी कुजतात, ती टाकून थोडं फिरून आल्यावरची दुसरी द्या, शक्य तर तीन वेगवेगळ्या दिवशी, ताजी. ही तपासणी हाय ग्रेड पेशी चांगल्या पकडते, लो ग्रेड बऱ्याचदा चुकवते. पुढच्या उपचारांची चर्चा युरोलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्टनं एकत्र करायची असते.

तिसरी वाट म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरची गाठ थेट कातडीत रुजणं. ती डागासारखी नाही, टणक गोळ्यासारखी असते. पोटाच्या भिंतीवर, जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर किंवा लघवीची नळी बाहेर काढली होती त्या छिद्रावर ती येते. वडिलांना तसं काही आहे का, आंघोळीनंतर एकदा बघा.

आता पुटकुळ्यांचं. तुमच्या पत्रातली हीच ओळ वाचून आम्ही दोनदा थांबलो. सेबेशियस ॲडेनोमा ही कातडीच्या तेलग्रंथीची गाठ, स्वतः निरुपद्रवी. पण अशा गाठी आणि आतल्या अवयवाचा कॅन्सर एकाच माणसात आढळले तर म्युअर-टॉरे सिंड्रोमचा विचार करावा लागतो. तो १९६७ आणि १९६८ साली दोन वेगवेगळ्या लेखांतून पुढे आला. आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचं ते एक रूप आहे. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक बिघडलेलं असतं, बहुतेक वेळा एमएसएच २. आणि एमएसएच २ बिघडलेल्यांत मूत्राशय, मूत्रवाहिनी आणि किडनीच्या आतल्या भागाचा कॅन्सरही वाढतो.

शंका किती गंभीर घ्यायची, याला गुण आहेत. पहिली गाठ ६० वर्षांच्या आत: १. दोन किंवा जास्त गाठी: २. स्वतःला लिंचशी संबंधित कॅन्सर, यात मूत्रमार्गाचेही येतात: १. घराण्यात असा कॅन्सर: १. दोन गुण झाले की जनुकीय तपासणीचा सल्ला. वडिलांना ५२व्या वर्षीची गाठ, मूत्राशय आणि आत्या मिळून ३ होतात. कपाळावरचीही तीच निघाली तर ५. म्हणून ती पुटकुळी जाळून टाकू नका. लेझर, कॉटरी, ॲसिड नकोच. ती काढून बाटलीत जाऊ द्या, आणि फॉर्मवर लिहा: 'मिसमॅच रिपेअर, चार प्रथिनं'. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं: एमएलएच १, एमएसएच २, एमएसएच ६, पीएमएस २ अशी ती चार. रंग गायब दिसला तर पुढे रक्ताची जनुकीय तपासणी. रंग गायब असूनही जनुक ठीक निघणं, आणि रंग असूनही शंका कायम राहणं, दोन्ही होतं; अखेरचं उत्तर रक्त देतं. नाकाशेजारची जुनी गाठ पंधरा वर्षांची, तिचा ब्लॉक मिळतोय का, ते विचारून बघा. पापणीवर एकाच जागी वारंवार येणारी रांजणवाडी असेल तर तीही दाखवा, तेलग्रंथीचा कॅन्सर तिथे रांजणवाडीच्या वेषात लपतो.

हे सगळं असलं तरी रंगाच्या कारखान्यातली बावीस वर्षं आणि विडी विसरू नका. मूत्राशयाच्या कॅन्सरला ही दोन कारणं एकटीही पुरेशी आहेत. रंगांमधली ॲरोमॅटिक अमाइन्स लघवीतून बाहेर पडताना अस्तराला लागतात आणि परिणाम दिसायला वीस-पंचवीस वर्षंही जातात. डॉक्टरांना कारखान्याचं काम आणि वर्षं सांगा. दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात, एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबवू नये. आणखी एक, विचारून ठेवा: वडिलांनी वर्षानुवर्षं सोमल असलेलं औषध घेतलं होतं का? सोमल म्हणजे आर्सेनिक. त्यानं तळहात-तळपायांवर कडक चामखिळीसारखे ठिपके येतात आणि कातडी व मूत्राशय दोन्हींचा कॅन्सर वाढतो.

तुमच्याबद्दल. आधी वडिलांची तपासणी, मग तुमची. उलट केल्यानं पैसे जातात आणि अर्थ लागत नाही. वडिलांत बिघाड सापडला तर तो तुमच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी आहे, बहीण-भावांचीही तेवढीच. तुमच्यात सापडला तर कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी, आणि ती विशी-पंचविशीतच सुरू करायची असते, त्यामुळे ३८व्या वर्षी लगेच. वडिलांचं उत्तर येईपर्यंत तुम्ही धीर धरा, पण आत्याच्या मुलांना आईच्या ४६व्या वर्षीच्या कॅन्सरचं हे महत्त्व आताच कळवा. त्यांच्या डॉक्टरांना वय आणि अवयव एवढं पुरतं.

जायचं कुठे? सुरुवात सोलापुरातल्याच एखाद्या त्वचारोग विभागातून करा, सिव्हिलचा असो वा मेडिकल कॉलेजचा. साधा तुकडा इथे निघतो. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. आयएचसीचा पूर्ण संच आणि मिसमॅच रिपेअर प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, निघण्याआधी फोनवर हेच दोन शब्द विचारा. निकाल गोंधळाचा आला तर ब्लॉक व स्लाइड घेऊन परळच्या टाटाला किंवा पुण्याला पुनर्तपासणी करून घ्या. त्यासाठी तुम्ही जाऊ शकता, वडिलांनी प्रवास करायची गरज नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण बाहेरच्या लॅबमधल्या तपासण्या त्यात बसतात का, ते आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला) काउंटरवर आधीच विचारा. बिल झाल्यावर विचारून काही होत नाही.

आईंना सांगा, कपडे-भांडी वेगळी ठेवू नका. पॅजेट लागत नाही, मूत्राशयाचा कॅन्सरही लागत नाही. डाग खरंच नायटा निघाला तर टॉवेल आणि चड्डी वेगळी, उन्हात वाळवून, एवढंच. बीसीजीचा पुढचा डोस झाला तर मात्र त्या दिवशी पहिले सहा तास वडिलांनी बसून लघवी करावी, संडासाच्या भांड्यात लघवीइतकंच ब्लीच ओतावं, पंधरा मिनिटं तसंच ठेवावं आणि मग फ्लश करावं. हात साबणानं धुवावेत. त्यानंतर आई पूर्वीसारखं त्यांचं ताट वाढू शकतात.